व्याह्यांसमोर गोळी

चहा निवला तरी चालेल, आधी हे ऐका. माझ्या लग्नानंतर बाबा पहिल्यांदाच अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला मुक्कामी आले होते. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांची छाती धडधडायला लागली. कपाळावर घाम.

मी हळूच विचारलं, "बाबा, बीपीची गोळी घेतली?"

"हळू बोल. गोळ्या घरीच ठेवल्या. इवायांनी पाह्यल्या तर म्हणतीन, पोरीच्या घराण्यात हृदयाचं दुखणं हाये."

सासरी मी फारसं बोलत नाही. तेव्हा मात्र सासऱ्यांना ओरडून हाक मारलीच, "मामाजी, गाडी काढा!"

दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजी पाहिला आणि बाबांना झापलं. "ही गोळी ठोके आवरून धरते. एकदम सोडली की ठोके उधळतात. बंद करायची तर मला विचारून, हळूहळू."

बाबांनी मान खाली घातली. मामाजींनी खिशातून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. गोळी तीच!

"मी बी पोराच्या लग्नापासून मोरीत लपून खाऊन राह्यलो, इवाईबुवा. सूनबाईले दिसू नाही म्हणून."

बाबांनी लगेच पट्टीकडे हात नेला. डॉक्टरांनी ती उचलली. "याची ताकद वेगळी आहे. तुमची तुम्हाला लिहून देतो."

आता बाबा आले की नाश्त्यानंतर सासूबाई दोघांसमोर पाण्याचे पेले ठेवतात. "घ्या समोरासमोर. आता लपवायले राह्यलं काय?"

त्या स्वतःची गोळी कुठे लपवतात, ते मात्र मला अजून सापडलेलं नाही.