डाव्या बाजूची रेघ

(देवासला इंदूरच्या रस्त्यालगत ईशानीचं दुकान आहे. गाड्यांचा रंग उडू नये, ओरखडू नये म्हणून त्यावर पारदर्शक फिल्म चढवायची, हे तिचं काम; गिऱ्हाइकाला ती इंदुरी रीतीनं ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणते. आठ दिवसांचा निळा ट्रक शेडमध्ये उभा आहे; आरशाला बांधलेलं लिंबू अजून पुरतं सुकलेलंही नाही. मालक रणवीर सकाळपासून नवरीच्या बापासारखा त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. आता तो एका जागी थांबला आहे, आणि हे थांबणं रघुजी ड्रायव्हरच्या चांगलं ओळखीचं आहे. रणवीरचे वडील थोरले जगदेवराव, म्हणजे आबा, तेही खडे बोल सुनावण्याआधी असेच थांबायचे.)

ईशानी : ...मी मशीन अजून हातात पण नाही घेतलं, भिया. धुतला, पुसला, टॉर्च मारला, तर हे दिसलं. पहिले तुम्ही बघून घ्या. नंतर म्हणाल, ईशानीच्या दुकानात लागलं.

रणवीर : परवा सकाळी मी स्वतः हात फिरवून बघितला होता. कुठे काही नव्हतं.

ईशानी : परवा नसेल, आज आहे. पुढच्या दिव्यापासून सुरू होते. पूर्ण दार, मग मागची बॉडी, सीधी शेवटपर्यंत. उजवी बाजू पण बघितली मी. ती एकदम कोरी आहे.

रणवीर : रघुजीकाका, जरा इकडे या. हे काय आहे?

रघुजी : ओरखडा दिसतो, भैयासाहेब.

रणवीर : ते मलाही दिसतंय. लागला कुठे?

रघुजी : बाभळीनं लागला असेल. समोरून बस आली, बाजू द्यावी लागली.

रणवीर : कुठे?

रघुजी : धारच्या अलीकडे.

रणवीर : धारच्या अलीकडे एवढा रुंद रस्ता आहे, की दोन बसगाड्या जाऊन मधून बैलगाडी जाईल. तिथे तुम्हाला बाभळीत शिरावं लागलं?

रघुजी : वय झालं. अंदाज चुकला. पोटात घाला.

रणवीर : तुमचा अंदाज चुकला? आबांची सरकारी जीप तुम्ही एकतीस वर्षं चालवलीत. मांडवच्या घाटात, धुक्यात, कधी आरसा घासला नाही तुमचा. लहानपणी मागच्या सीटवर झोपलेला असायचो मी.

ईशानी : काका, वाईट नका मानू, पण ही बाभूळ नाही. फांदी लचकते ना, तिच्याने दहा-बारा रेघा येतात, वाकड्यातिकड्या, जाळीसारख्या. ही एकच रेघ सलग चालली आहे.

रघुजी : पोरी, तू तुझं काम कर.

ईशानी : तेच करते आहे, काका. रेघ कशानं आली ते कळल्याशिवाय वरून फिल्म नाही चढवता येत.

रणवीर : मग कुणी किल्ली ओढली?

ईशानी : किल्ली पण नाही. किल्लीवाला रागात असतो. पहिले जोर लावतो, मग पळतो. हा पळाला नाही, भिया. इथे बघा, दाराच्या हँडलपाशी रेघ खाली उतरते, हँडलला वळसा घालते, परत वर येते. रागात कोण वळसा घालतो? आणि मागे मागे जाताना ती हळूहळू खाली गेली आहे. मतलब, हात थकला.

रणवीर : कुणाचा हात, काका?

रघुजी : मला काय ठाऊक.

रणवीर : तुम्ही होतात कुठे?

रघुजी : ट्रकपाशीच.

रणवीर : ट्रकपाशी होतात आणि दिसलं नाही. बरं. ट्रकमध्ये तो डबा बसवला आहे ना, ट्रक कुठे कुठे उभा होता ते मोबाईलवर दिसतं. चोरीच्या भीतीनं बसवला होता, तुमच्यासाठी नाही. पण आता बघतोच. हे काल. दोन वाजता धारला माल उतरला. अडीचला निघून देवासकडे यायचं. तर ट्रक उलट्या दिशेला. नालछा. पाऊण तास उभा.

रघुजी : चहा प्यायलो.

रणवीर : धारचा चहा संपला होता?

रघुजी : तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, भैयासाहेब.

रणवीर : मला एवढंच म्हणायचंय, की नालछ्यात कोण राहतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

ईशानी : कोण राहतं?

रणवीर : माझे वडील. आत्यासाहेबांकडे, त्यांच्या मळ्यात. मी बँक सोडून ट्रक घेतो म्हणालो, तर म्हणाले, आपली माणसं दरबारात मानानं उभी राहिली, भाड्याची गाडी कुणी हाकली नाही. ट्रक दारात येईल त्या दिवशी मी दारात नसेन. आणि वर म्हणाले, सहा महिन्यांत भंगार करशील. बुकिंग केलं त्याच संध्याकाळी बॅग उचलून गेले. चार महिने झाले.

ईशानी : तुम्ही गेला नाहीत आणायला?

रणवीर : ट्रक आला त्या दिवशी फोटो पाठवला. समोरून, बाजूनं, हार घातलेला. फोटो उघडल्याची खूण आली. म्हणजे बघितले. एक शब्द नाही आला. बरा नाही, वाईट नाही, काही नाही. तेव्हाच ठरवलं, वर्षभर हा असाच ठेवायचा. एक टिपका नाही, एक ओरखडा नाही. आणि मग न्यायचा आणि त्यांच्यासमोर उभा करून एवढंच म्हणायचं, बघा.

ईशानी : म्हणून ही फिल्म.

रणवीर : म्हणूनच. काका, शेवटचं विचारतो. नालछ्याला कशाला गेलात?

रघुजी : मी शब्द दिला आहे.

रणवीर : कुणाला?

रघुजी : ते सांगितलं तर शब्द कसला राहिला?

रणवीर : तुम्ही नोकरी माझी करता की त्यांची?

रघुजी : तुमची.

रणवीर : मग सांगा. नाहीतर चावी त्या टेबलावर ठेवा.

रघुजी : ही ठेवली.

ईशानी : काका, असं काय करता?

रघुजी : ठेवा म्हणाले, ठेवली. माझा जेवणाचा डबा केबिनमध्ये राहिला आहे, तेवढा घेतो.

रणवीर : घ्या.

ईशानी : भिया, एक मिनिट थांबता? इकडे टॉर्चच्या उजेडात बघा. मला वाटलं एक रेघ आहे. एक नाही. दोन आहेत. एकदम जवळजवळ, बारीक. जसे कशाचे तरी दोन दात असतील.

रणवीर : दोन?

ईशानी : नख फिरवा. दोनदा अडकतं.

रणवीर : हो. दोनदा.

ईशानी : भिया? काय झालं?

रणवीर : अंगठी आहे ती.

ईशानी : कुणाची?

रणवीर : आबांची. पणजोबांना दरबारातून मिळालेली. खडा कधीच पडला, त्याला धरणारे दोन दात तेवढे राहिले. लहानपणी ते गालावरून हात फिरवायचे, तर टोचायची. मी रडायचो, आई म्हणायची, अहो, ती अंगठी काढा आधी. काकांना काय विचारायचं आता. कळलं मला.

रघुजी : काय कळलं?

रणवीर : की तुम्ही माझा ट्रक त्यांच्या दारात नेलात आणि त्यांनी तो पुढून मागे ओरबाडला. सहा महिन्यांची वाटसुद्धा बघवली नाही त्यांना. आठव्या दिवशीच भंगार केला.

रघुजी : भैयासाहेब, तसं नाही.

रणवीर : मग कसं? हाताला अंगठी, अंगठीला दात, समोर नवा ट्रक. आणि तुम्ही शेजारी उभे. आत्यासाहेबांनाच फोन लावतो. म्हणतो, द्या त्यांना. चार महिन्यांचं एकदाच बोलून घेऊ दे मला.

रघुजी : फोन ठेवा.

रणवीर : का ठेवू?

रघुजी : ठेवा म्हणतो. मला कामावरून काढा, चार लोकांत चोर म्हणा, मी मान खाली घालून जाईन. पण त्यांना हे बोलू नका. दिसत नाही त्यांना.

रणवीर : काय?

रघुजी : दिसत नाही. काचबिंदू. डावा डोळा पुरता गेला, उजव्यानं दार कुठे आहे तेवढं कळतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही.

रणवीर : कधीपासून?

रघुजी : देवासला होते तेव्हाच कमी झाली होती. सकाळी पेपर धरून बसायचे, आठवतं? पान उलटत नव्हते. मी चहा ठेवायचो, ते हात चाचपडत कपाकडे न्यायचे. मला कळलं होतं. म्हणाले, रघुजी, तोंड बंद ठेव. पोरगा नवं काही करायला निघाला आहे, त्याच्या गळ्यात आंधळा बाप नको.

रणवीर : मी रोज समोर बसत होतो.

रघुजी : बसत होतात, पण तुमचं भांडण चालू होतं. भांडणात माणूस डोळ्यांकडे बघत नाही.

ईशानी : आणि ते फोटो?

रघुजी : आत्यासाहेब उघडून द्यायच्या. मोबाईल ते अगदी डोळ्याला लावायचे, मग नुसता हातात धरून बसायचे. परवा मला फोन केला. म्हणाले, येताना ट्रक घेऊन ये. त्याला सांगायचं नाही. काल नेला. मळ्याची वाट अरुंद, उजवीकडे कुंपण जेमतेम वीतभर लांब, डाव्या बाजूनं काय ते उतरायला जागा. ते दारात उभेच होते, धुतलेला सदरा घालून. आवाजावरून ओळखलं त्यांनी. जवळ आले आणि म्हणाले, नव्या रंगाचा वास येतो आहे.

रणवीर : पुढे.

रघुजी : रंग विचारला. निळा म्हटलं. कसला निळा? म्हटलं, दसऱ्याला दर्शन घेतो त्या नीलकंठ पाखराचा. मग दिव्यावर हात ठेवला आणि चालू लागले. हात उचलला नाही, भैयासाहेब. दार, हँडल, सांधा, सगळं चाचपत गेले. बोटं वाळली आहेत त्यांची, अंगठी सैल झाली आहे, दात आतल्या बाजूला फिरले आहेत. त्यांना पत्ता नाही. ते पावलं मोजत होते. शेवटाला पोचले आणि म्हणाले, अकरा पावलं भरला. मोठा घेतला रे त्यानं.

रणवीर : तुम्हाला आवाज आला असेल ना? पत्र्यावर दात घासल्याचा?

रघुजी : पहिल्या पावलापासून येत होता.

रणवीर : आणि तुम्ही थांबवलं नाहीत.

रघुजी : नाही.

रणवीर : अकरा पावलं ऐकत उभे राहिलात.

रघुजी : हो. तुम्ही असतात तर थांबवलं असतंत?

ईशानी : भिया, पाणी देऊ?

रणवीर : नको. आणखी काही म्हणाले ते?

रघुजी : ओट्यावर बसले. दम लागला होता. म्हणाले, माझं म्हणणं चुकलं, पण हे त्याला सांगायची आता माझी हिंमत नाही. तू मात्र त्याला जप, घाटात जोरात जाऊ देऊ नको. मग निघालो. मागं बघितलं, तर हात वर करून उभे होते, ट्रक गेला त्याच्या भलत्याच बाजूला तोंड करून.

रणवीर : काका, चावी उचला. मघाशी मी जे बोललो...

रघुजी : कोण काय बोललं? मी डबा आणायला गेलो होतो.

रणवीर : आत्ता निघालो तर उजेडात पोचू?

रघुजी : चारला. इंदुरात अडकलो तर साडेचार.

ईशानी : भिया, असा उघडा नका नेऊ. घाटाबिल्लोदच्या पुढे रस्त्याची गिट्टी उडते, नवीन रंगाला टिपके पडतील. उद्या संध्याकाळी पूर्ण करून देते. ही रेघ पण मिटेल, पॉलिश मारते, कुणाला कळणार नाही.

रणवीर : रेघेला हात नाही लावायचा.

ईशानी : बरं, नाही लावत. मग निदान उजव्या बाजूला तरी फिल्म चढवू द्या. दोन तासांचं काम आहे. ती कोरी आहे अजून, वाचेल.

रणवीर : तिकडे तर मुळीच नको. ती बाजू त्यांची बघायची राहिली आहे.