दाता क्रमांक सात

वैदेही : बाही खाली करा, बाबा. आज रक्त घ्यायचं नाही.

शरच्चंद्र : का गं? श्यामबाजारपासून मेट्रोत उभ्याने आलोय. तो तपन सुई घेऊन तयार बसलाय.

वैदेही : तपनदांना मीच नको म्हटलं. बसा. बोलायचंय.

शरच्चंद्र : डोळे बघ तुझे. झोपली नाहीस?

वैदेही : तीन दिवस नीट नाही. बाबा, तुमच्या एनके पेशी काम करत नाहीयेत.

शरच्चंद्र : त्या आजारी पेशींना मारणाऱ्या? तूच समजावलं होतंस. अंगावर खुणा ओळखणारे दोन तऱ्हेचे रिसेप्टर, एक आवरणारे, एक चेतवणारे. समोरची पेशी आपली, धडधाकट असली की तिच्यावरची खूण आवरणाऱ्यांना पटते.

वैदेही : आणि ती खूण नसली, वर बिघाडाच्या खुणा दिसल्या, की चेतवणाऱ्यांची सरशी होते. मग पेशी वार करते. तुमच्या पेशींवरचे चेतवणारेच कमी झालेत. जानेवारीपर्यंत छान होते. फेब्रुवारीपासून उतरत चाललेत. समोर कॅन्सरच्या पेशी ठेवल्या तरी ढिम्म.

शरच्चंद्र : तुमचं मशीन...

वैदेही : तपासलं. रसायनं नवी मागवली. आधी वाटलं, माझाच हात चुकतोय. मग त्याच दिवशी दुसऱ्या एका दात्याच्या, घोषबाबूंच्या पेशी शेजारी लावल्या. ते बहात्तरचे, त्यांच्या उत्तम चालतात. बिघडलाय तो एकच, दाता क्रमांक सात. कागदावर नुसता आकडा असतो. पण सात कोण, ते मला माहितेय ना.

शरच्चंद्र : म्हणून झोपली नाहीस.

वैदेही : रक्ताच्या कॅन्सरमध्येही असं दिसतं, बाबा. डॉक्टरांशी बोललेय. इथून थेट तपासणीला जायचं.

शरच्चंद्र : नको.

वैदेही : हट्ट नको. आईच्या वेळीही तुम्ही दोघांनी असंच...

शरच्चंद्र : कॅन्सर नाही गं. प्रेडनिसोलोन आहे.

वैदेही : काय?

शरच्चंद्र : गोळ्या. फेब्रुवारीपासून. सकाळी हातच वर जायचे नाहीत. सदरा चढवायला वीस मिनिटं. एस्प्लनेडला एका डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, या वयात होतो असा संधिवात. गोळीने उतार आहे.

वैदेही : स्टेरॉइड! स्टेरॉइडने हेच रिसेप्टर उतरतात. आणि फॉर्मवर काय लिहिलंत?

शरच्चंद्र : 'कोणतंही औषध चालू नाही.' चार वेळा सही केली.

वैदेही : तुम्ही? गणिताच्या पेपरात अर्ध्या मार्कासाठी मुलांशी वाद घालणारे तुम्ही?

शरच्चंद्र : रक्त द्यायच्या आधी दोन दिवस गोळी घेत नव्हतो. म्हटलं, तेवढ्यात अंगातून जाईल.

वैदेही : अहो, ती अशी मधेच सोडायची नसते! मेट्रोत चक्कर येऊन पडला असतात म्हणजे?

शरच्चंद्र : एकदा आली होती. सेंट्रल स्टेशनला उतरून बसलो जरा.

(वैदेही दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेते.)

शरच्चंद्र : रडतेस?

वैदेही : नाही. कॅन्सर नाही म्हणून बरं वाटायला हवं. वाटतंयही. पण आठच दाते आहेत हो माझे. साठीच्या वरचं, एकही औषध न घेणारं माणूस या शहरात शोधून सापडत नाही. एक काढला की उरलेल्यांवर काही सिद्ध होत नाही. संशोधनाचा पेपर परवा छापायला पाठवायचा होता.

शरच्चंद्र : चुकलंच माझं.

वैदेही : सांगितलं का नाहीत?

शरच्चंद्र : शाळा संपली. तुझी आई गेली. बागबाजारात घरी दिवसभर माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. इथे तुमच्या यादीत 'निरोगी' म्हणून होतो. आणि रक्त दिलं की तू पाच मिनिटं माझ्याजवळ बसायचीस.

वैदेही : पाचच मिनिटं बसायचे, नाही?

शरच्चंद्र : कामं असतात तुला.

वैदेही : लॅबच्या सरांना आजच सांगते. तुमचे चार महिन्यांचे नमुने रद्द. कारण लिहावं लागेल.

शरच्चंद्र : खरं ते लिही. दाता खोटं बोलला.

वैदेही : 'दात्याने औषध नोंदवलं नव्हतं.' एवढं पुरे.

शरच्चंद्र : विचारतील, सात कोण.

वैदेही : सांगेन. वडिलांना घेतलंय, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. घरातलाच माणूस मिळाला, शोधायचे कष्ट वाचले, म्हणून गप्प बसले. फॉर्म फक्त तुमचाच खोटा नव्हता.

शरच्चंद्र : तुला बोलतील ते.

वैदेही : बोलू देत.

शरच्चंद्र : मग निघू मी? आता इथे माझं काही काम नाही.

वैदेही : थांबा ना. खांदा कुठला?

शरच्चंद्र : अं?

वैदेही : दुखतो कुठला?

शरच्चंद्र : दोन्ही. उजवा आता जरा बरा आहे.