शेतकरणीचा आवाज

मलकापूरहून पलूसला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावर दोन तरुण बोलत होते. माझ्या शेजारची खिडकीची जागा रिकामी होती. बायको गेल्यापासून मी तिथं बसत नाही.

"वीरधवल, लढाईच्या गेममधलं तुझं मराठ्यांचं राज्य बनवून झालं का रं?"

"झालं. किल्ले, घोडेस्वार, समदं. ज्याच्यावर क्लिक करशील त्यो मराठीत बोलतोय."

"आवाज कुणाचं?"

"घोडेस्वार आमचं फौजी काका. शेतकरीण आमची आई."

"काकूंचा आवाज घेतलास व्हय? लय झ्याक."

"कसलं झ्याक रं. आधी सैनिकांचं आवाज घेत बसलो. शेतकरीण शेवटाला ठेवली. आई रोज विचारायची, माझा नंबर कवा?"

"मग?"

"एकच शब्द घेतला, 'आले'. बाकीचं उद्या घेऊ म्हणलं. त्याच आठवड्यात गेली."

"तुझ्या वडलांनी, आबांनी ऐकलं?"

"रोज ऐकत्यात. तिच्यावर क्लिक करत्यात, ती 'आले' म्हणती."

"म्हंजे आबा गेम खेळत्यात?"

"न्हाई गड्या. तिला रानात पाठवल्याबिगर धान्य येत न्हाई, समदं राज्य उपाशी मरतंय. म्हणलं, आबा, कामाला लावा की तिला. तर म्हणत्यात, लय राबली, बसू दे."