टेप कधी काढली?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खोपट मोटार कारागीर मंडळाचे आधारस्तंभ माननीय हरिहर वैती, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांची नावं लिहिलेली चिठ्ठी मला आत्ता सापडत नाहीये, सत्कारमूर्ती श्री. लिओनार्ड परेरा, त्यांच्या पत्नी अ‍ॅग्नेसवहिनी आणि जमलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सविनय जय भीम.

मी रवींद्र साळवे, मुक्काम मोहने. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, हे माईकवरून पुकारण्यात माझी सगळी नोकरी गेली. तिथे कधी गडबड झाली नाही. आज मात्र झाली आहे. खिशात दोन पानी भाषण आहे, माझ्या मुलीनं, पायलनं, छान टाईप करून दिलंय. पण ते वाचू की नको, हेच मला कळेनासं झालंय. अध्यक्ष महोदय, जरा सांभाळून घ्या.

परेरांना कोण ओळखत नाही? ठाण्यात कुणाच्या गाडीची समोरची काच तडकली, की लोक खोपटला यायचे. एकोणतीस वर्षं हे काम त्यांनी केलं. नवी काच बसवली की डोळे मिटून तिच्या कडेनं तळहात फिरवायचे. मी एकदा विचारलं, हे काय करता? तर म्हणाले, "काच नीट बसली का नाय, ते हाताला कळते साहेब. डोळे फसवतात." हे पायलनं पहिल्या पानावर घेतलंय. दुसऱ्या पानावर त्यांचा स्वभाव आहे. तोही चांगलाच आहे, त्यात वाद नाही.

आता मूळ मुद्दा. मूळ मुद्दा काय होता बरं? हां. तीन वर्षांपूर्वी कोलशेतच्या रस्त्यावर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि माझ्या गाडीची काच गेली. तारीख होती तेरा एप्रिल. दुसऱ्या दिवशी जयंती, आणि आमच्या मिरवणुकीत माझी गाडी सगळ्यांत पुढे. परेरांनी हातातली कामं बाजूला ठेवून संध्याकाळपर्यंत नवी काच बसवून दिली. वरच्या कडेला पिवळी टेप लावली आणि बजावलं, "साहेब, परवापर्यंत टेपला हात लावायचा नाय. आतलं काच चिकटवायचं सीलंट अजून ओलं आहे. दरवाजा हळू लावा, बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवा. नायतर आतली हवा काचेला ढकलते."

ऐकलं मी. अगदी मान डोलावून ऐकलं.

चौदा तारखेला गाडी सजवली. निळे पडदे, झेंडूच्या माळा, बॉनेटवर बाबासाहेबांची तसबीर. आणि तिच्या मागे ती पिवळी टेप. कशी दिसत होती म्हणून सांगू! पायल म्हणाली, "पप्पा, राहू दे ना. फोटोत टेप आली तर काय बिघडतं?" मी म्हटलं, वर्षातून एकदा येतो हा दिवस, आणि आपली गाडी काय बँडेज बांधून न्यायची? आणि काढली. मिरवणूक चार तास चालली. आवाज फार म्हणून सगळ्या काचा बंद. आत पाच जण. जो तो नाचायला उतरतोय, दमून परत बसतोय, आणि दरवाजा धाडकन.

पंधरा दिवसांनी गाडी धुवायला दिली, तर कोपऱ्यातून पाणी आत. मी तणतणत परेरांकडे गेलो. त्यांनी काच पाहिली. एक कड थोडी सरकली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "टेप कधी काढली?"

मी म्हणालो, तुम्ही सांगितलंत तेव्हाच.

मी असं का म्हणालो? खरंच सांगतो, मला अजून उमगलेलं नाही. चार लोक उभे होते, लाज वाटली असेल. परेरा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्याच हातानं झालं." काच काढून पुन्हा बसवून दिली. आणि मी स्टँडवर दहा जणांना सांगत सुटलो, परेरांचं काम पूर्वीसारखं राहिलं नाही.

मग मंडळानं मला बोलायला का बोलावलं, हे कोडं मला आठवडाभर सुटत नव्हतं. मघाशी चहा घेताना अ‍ॅग्नेसवहिनींनी सोडवलं. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं नाव ह्यांनीच दिलं. म्हणाले, माझ्या हातून ज्याचं काम बिघडलं आणि तरी जो येत राहिला, त्याला बोलू द्या." आणि पुढे म्हणाल्या, "तुमच्या गाडीपासून ह्यांनी समोरच्या काचेला हात नाय लावला. फक्त दरवाज्याच्या काचा करायचे. म्हणायचे, हाताचा भरवसा गेला, उद्या चालत्या गाडीत काच निखळली तर कुणाचा तरी जीव जायचा. म्हणून तर दुकान बंद करतायत."

मंडळी, माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी समजत होतो, माणूस थकला, वय झालं.

परेरा, तुमचे हात चुकले नव्हते. टेप मी काढली, दुसऱ्याच दिवशी, फोटोसाठी. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो, आणि तीन वर्षं ते तसंच ठेवलं. वैतीसाहेब म्हणत होते, दुकानाची किल्ली महिनाअखेरीला द्यायची आहे. दुकान ठेवा की सोडा, तो तुमचा अधिकार. पण हात गेले म्हणून सोडू नका. ते काल होते तसेच आज आहेत.

मंडळानं मला इथे उभं केलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना मागचं पुढे झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, ते सभागृहानं पोटात घालावं. खोटं बोललो ते मात्र सभागृहानं माफ करायचं नाही. तो हक्क एकट्या परेरांचा आहे. मी आता त्यांच्यासमोर जाऊन उभा राहतो. ते काही बोलेपर्यंत कुणीही टाळ्या वाजवू नयेत, एवढी नम्र विनंती.