हातातली सिगारेट

डोक्याला चुंबक लावून सिगारेट सोडवतात, त्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन निवृत्त फौजी बसले होते. एकाचा पहिला दिवस, दुसऱ्याचा बारावा. मी शेजारी, माझ्या नंबरची वाट बघत.

“दुखतं का हो?”

“छे! सुतारपक्षी डोक्यावर बसल्यासारखं टकटक होतं, एवढंच. त्याच्या आधीचं अवघड.”

“आधी काय करतात?”

“सिस्टर हातात सिगारेट आणि लायटर देते. म्हणते, काका, सगळ्यात जास्त तलफ कधी आली होती ते आठवा. तलफ जागी झाली की मग चुंबक.”

“मी जेवणानंतरची आठवीन.”

“तुमचं बरं आहे.”

“का? तुम्ही काय आठवता?”

“आमच्या खंदकातला दोस्त. पोटात गोळी लागलेली, डोकं माझ्या मांडीवर. म्हणाला, एक झुरका दे.”

“दिलात?”

“पाकीट खिशातच होतं. म्हटलं, आधी स्ट्रेचर येऊ दे, मग दोघं मिळून ओढू.”

“मग?”

“स्ट्रेचर आलं. पण घाई उरली नव्हती. तेव्हापासून त्याच्या वाटणीचीही मीच ओढतोय.”

“अहो, मग सिस्टरला दुसरं काहीतरी सांगा ना.”

“सांगून बघितलं. तलफच येईना. हे आठवलं की लगेच येते. मी म्हणतो, सिस्टर, एकच झुरका घेऊ?”

“ती काय म्हणते?”

“आत्ता नाही काका, थोडं थांबा. फार मायेनं म्हणते हो. मीही मायेनंच म्हणालो होतो.”