प्रेसघराच्या छताबाबत एक दुरुस्ती

सरस्वतीबाई, भातकुलीहून आलेले इंगळे कुटुंबीय आणि अकोल्याच्या आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातील, आपल्या जिनातील सहकारी हो,

सरस्वतीबाईंचे यजमान, आपले किसनराव इंगळे मिस्त्री, यांना जाऊन दहा दिवस झाले. जिनाचा व्यवस्थापक म्हणून अनेकदा बोललो. आज शब्द जड जातात. कारण मला केवळ गुणगान करायचे नाही. एक दुरुस्ती करायची आहे.

कापूस दाबून गाठी बांधतो त्या प्रेसघराच्या छतात उजेडासाठी काचा होत्या. एखादी फुटली की तुकडे थेट कापसात. मिस्त्रींनी मुंबईहून काचेचे तंतू मागवले. पातळ राळेत भिजवून, थरावर थर दाबून त्यांनी एक पारभासक पत्रा केला आणि आपल्यासमोर त्यावर हातोडा मारला. तडा गेला, तुकडा पडला नाही. ते पांढरे तंतू पाहून एका बाईने विचारले, "किसनभाऊ, याच्यातून सरकी निघन काय?" मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "निघाली तं तुलेच देतो, पेरून पाह्य."

मग मी मध्ये पडलो. मी वाणिज्याचा पदवीधर. काचेतले मला काय कळत होते? कापसाच्या मुलखात धागा मुंबईहून कशाला, हा माझा हट्ट. थरांत आपलेच सुती कापड घाला, असे मी बजावले. ते एवढेच म्हणाले, "साहेब, कापूस पानी पेते. काच पेत नाही."

मी ऐकले नाही. सुती थरांचे पत्रे छतावर चढले. त्याच पावसाळ्यात पत्रे दुधाळले, थर सुटले, खालच्या गाठी भिजल्या. मालकांनी विचारले, हे कोणी केले? "माह्या हातानं झालं," मिस्त्री म्हणाले. मी शेजारी उभा होतो. मी गप्प राहिलो.

त्या दिवसापासून 'कच्चा मिस्त्री' हे नाव त्यांना चिकटले. पुढे त्यांनीच काचेच्या तंतूंचे पत्रे बसवले. ते आजही शाबूत आहेत. नाव मात्र सुटले नाही.

एकदा मी विचारले, माझे नाव का घेतले नाही? ते ओल्या थरावर रूळ फिरवून हवा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमी सांगसान, असं वाटलं होतं."

सरस्वतीबाई, ते मी आज सांगतो आहे. फार उशिरा सांगतो आहे. हात त्यांचा होता. हुकूम माझा होता. मिस्त्री कच्चे नव्हते.

आपण सर्व उभे राहू या. हे मौन त्यांच्यासाठी असू द्या. माझे आजवरचे मौन माझ्यासाठी होते.