गंधालीच्या गाडीचं पिकअप

...नाही, पण मी म्हणतो, चढत नाही तर चढत नाही! लहान मुलीची गो-कार्ट ती, चार चाकं, एक सीट आणि मागे गवत कापायच्या मशीनएवढं इंजिन, ती काय घाट चढायला आणलीय? पण आमची कॉलनी पडली दिंडोशीची, खालच्या गेटपासून बिल्डिंगपर्यंत नुसता चढ, आणि त्या चढाच्या अर्ध्यावर गाडी भुर्रर्र... भुर्रर्र... करत उभी, क्लच जळल्याचा वास, आत हेल्मेट घातलेली गंधाली आणि मागून ढकलणारा तिचा बाप, आमचा अनंत. रोज संध्याकाळी! आणि तुम्हाला सांगतो, एवढं ढकलून त्याच्या चेहऱ्यावर काय? काही नाही. राग नाही, वैताग नाही, घाम तेवढा.

आता बायको गेली त्याची, म्हणजे तशी गेली नाही हो, हैदराबादला गेली! श्वेता. नोकरीसाठी. दारात बॅग घेऊन म्हणाली, "अनंत, मला वाटतं आपण वेगळं राहून बघू." अनंत म्हणाला, "बरं." मी समोरच्याच दारात, दुधाची पिशवी हातात, आत जाऊ की थांबू! अहो, बरं काय? ती लिफ्टचं दार धरून उभी, हा पुढे काही बोलेल म्हणून, लिफ्ट बोंबलतेय... शेवटी गेली.

आणि कॉलनीचं बघा, श्वेताबद्दल कोणी चकार शब्द काढेल तर शपथ, पण गाडीबद्दल? सगळे इंजिनियर! पहिल्या मजल्यावरच्या शकुमावशी, "अरे अनंत, कार्बोरेटरमध्ये कचरा असणार, आमच्या ह्यांच्या स्कूटरचं तस्संच व्हायचं, साफ कर रे बाबा एकदा!" "बरं." केला साफ. गाडी तिथेच. मग आमचे धाकूकाका, मालवणचे, गॅलरीतून ओरडून, "अरे अनंता, ह्येका मोठे टायर घाल! मगे बघ कशी चढता ती!" "बरं." घातले मोठे टायर, तर आता चढ सोडा, सपाटीवरूनसुद्धा उठेना! चाक मोठं झालं की फिरवायला जोर जास्त लागतो हो, इंजिनाची वाटच लागली! मी म्हटलं, "अन्या, देऊन टाक ना यार कोणाला तरी." "बरं." दिली नाही ती नाहीच.

मग परीक्षा संपली. सुट्टीत गंधाली आईकडे जायची, तिकडची शाळाही बघून ठेवलेली, म्हणजे काय ते समजा. पोरीचं एकच, "जायच्या आधी मला एकटीनं वर जायचंय, कोणी न ढकलता." आणि गाडी पुन्हा अडकलेली, इकडून शकुमावशी, तिकडून काका, "प्लग बदल!" "ऑइल बघ!" गंधालीनं हेल्मेट काढलं आणि किंचाळली, "गप्प बसा ना सगळे! बाबा, तुला काय वाटतं?"

तुम्हाला सांगतो, असा बघत राहिला तो तिच्याकडे...

"मला?"

"हो, तुला!"

"चेनचा मागचा दातेरी चक्का लहान आहे," तो म्हणाला. "सपाटीवर पळायला बनवलीय ही गाडी. जास्त दात्यांचा चक्का घातला की चाक हळू फिरेल, पण ओढायला जोर येईल. टायरही जुनेच हवेत."

"मग आधी का नाही बोललास?"

"कोणी विचारलं नाही."

घ्या! विक्रोळीला ऑफिसात बसून गिअरचीच ड्रॉइंग काढतो हा माणूस, आणि कार्बोरेटर काय साफ करतो, टायर काय घालतो!

रविवारी पार्किंगमध्ये दोघांनी चक्का बदलला, चेन वाढवली. गंधाली बसली, रेस दिली, आणि गाडी... न थांबता, न अडखळता, टकटक टकटक करत चढ चढून वर! धाकूकाका टाळ्या वाजवत, "मी सांगलेलंय नाय? टायरांचो प्रताप!" अहो काका, टायर काढले तुमचे!

आणि अनंत? चढाच्या मध्यावर उभा. ढकलायला पुढे केलेले हात तसेच पुढे.

वरून गंधाली ओरडली, "बाबा, ढकलायला ये ना!"

"आता कशाला? चढली ना गाडी."

"माहितीये. तरी ये."

मला वाटलं, आता म्हणतो बरं. 'बरं' म्हणालाच नाही हो! धावला. चप्पल एक मागे राहिली, तसाच धावला.

आणि वर जाऊन बघतो तर काय, जोर आला पण स्पीड गेला सगळा! सपाटीवर ती पूर्ण रेस देऊन बसलीय, गाडी कोकलतेय, आणि हा सीटवर हात ठेवून शेजारून नुसता चालतोय, तरी गाडी मागे पडतेय! मी म्हटलं, "अन्या, फारच हळू झाली रे."

तर म्हणतो, "असू दे. जायचीच आहे ती. हळू जाऊ दे."